आधी वैरण, मग गाय : मणिभाई देसाई

गोसेवेचे व्रत घेणारे या देशात पुष्कळ झाले. पण गाईच्या पोटाचा हिशेब मांडणारे थोडे. उरुळी कांचनला सत्तेचाळीस वर्षे राहून मणिभाई देसाई यांनी हा हिशेब मांडला आणि त्यासाठी गुरुबंधूंचा रोषही पत्करला. कोरडवाहू महाराष्ट्रातील दूधव्यवसायाचे आजचे रूप बऱ्याच अंशी त्यांच्या निर्णयांतून घडले आहे. त्यातील यश त्यांचे आहे, तसेच त्यातून उभे राहिलेले काही प्रश्नही त्यांच्याच वाटेवरचे आहेत.

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट हे गाव बालाघाटच्या पठारावर वसलेले आहे. मांजरा नदी याच डोंगररांगेत उगम पावते. पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. जमीन हलकी, माळ मोठे. शेतीने हात आखडता घेतला की संसार दुधावर तरतो, हे या पट्ट्यातील पिढ्यानपिढ्यांचे गणित. भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे आणि कुंथलगिरीचा पेढा महाराष्ट्रभर ठाऊक आहे. एक किलो खवा आटवायला साधारण पाच लिटर दूध लागते. खव्याची भट्टी वर्षभर पेटती राहायची, तर दूधही वर्षभर हवे. बालाघाटावरचे गवत मात्र वर्षभर टिकत नाही. आषाढात माळ हिरवा होतो, दिवाळीनंतर पिवळा पडतो आणि होळीपर्यंत त्यावर कुसळे आणि दगड एवढेच उरतात. मग आठ महिने गाईने खायचे काय?

ईटपासून पश्चिमेला, दीडशे-दोनशे किलोमीटरवर, पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या उरुळी कांचन येथे हाच प्रश्न एका तरुणापुढे १९४६ नंतरच्या काळात उभा राहिला. उरुळीही पर्जन्यछायेतलीच. तो तरुण ना मराठी होता, ना पशुवैद्य. गुजरातमधून आलेला, विज्ञान शिकलेला आणि गांधीजींच्या शब्दाखातर तेथे थांबलेला.

सुरतेहून उरुळीला

मणिभाई भीमभाई देसाई यांचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी झाला. घर शेतकऱ्याचे, खाऊनपिऊन सुखी. बारडोलीच्या सत्याग्रहाने आणि पाठोपाठ मिठाच्या सत्याग्रहाने तो सारा मुलूख ढवळून निघाला होता. दांडीचा किनारा याच परिसरातला. अशा वातावरणात वाढलेल्या मुलावर गांधीविचाराचा संस्कार झाला नसता तरच नवल. विज्ञानाची पदवी घेत असतानाच १९४२ चे आंदोलन आले. मणिभाई त्यात उतरले आणि तुरुंगातही गेले. सुटकेनंतर नोकरी वा घरची शेती यांपैकी कशाकडेही न वळता त्यांनी गांधीजींची वाट धरली आणि ते सेवाग्रामला आले.

मार्च १९४६ मध्ये गांधीजी निसर्गोपचाराचा प्रयोग खेड्यात करून पाहण्यासाठी उरुळी कांचनला आले. शहरातील श्रीमंतांपुरता मर्यादित असलेला हा उपचार गरिबाच्या दारी न्यावा, ही त्यामागची कल्पना होती. गांधीजींचा मुक्काम जेमतेम आठवडाभराचा झाला. दिल्लीतील वाटाघाटी त्यांची वाट पाहत होत्या. जाताना त्यांनी आश्रमाची जबाबदारी ज्यांच्यावर टाकली, त्यांत पंचविशी ओलांडलेले मणिभाई होते. पुढे विनोबांचे बंधू बाळकोबा भावे हेही उरुळीला आले आणि निसर्गोपचाराचे काम त्यांनी सांभाळले. मणिभाईंनी आपले आयुष्य या गावासाठी वेचण्याचा शब्द गांधीजींना दिला. ते अविवाहित राहिले आणि तो शब्द त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

रुग्णांवर उपचार करता करता मणिभाईंच्या ध्यानात आले, की गावातील निम्मे आजार उपासमारीचे आहेत. माती, पाणी आणि उन्हाचे उपचार रिकाम्या पोटाला पुरे पडत नाहीत. गावाची शेती आणि गावाची जनावरे सुधारल्याशिवाय गावाचे आरोग्य सुधारणार नाही, हा निष्कर्ष त्यांनी काढला आणि येथून त्यांची वाट गोठ्याकडे वळली.

गीर गाईंची शाळा

आश्रमाच्या गोशाळेसाठी मणिभाईंनी गीर गाय निवडली. सौराष्ट्रातील ही जात भारतीय वंशातली उत्तम दुभती. पशुपालनाचे कोणतेही औपचारिक शिक्षण नसलेल्या या विज्ञान पदवीधराने पुस्तके मिळवून वाचली, तज्ज्ञांना विचारले आणि प्रत्येक गाईची नोंद ठेवायला सुरुवात केली. कोणत्या गाईने किती खाल्ले, किती दूध दिले, किती दिवस भाकड राहिली, तिची कालवड कशी निघाली, हे सारे वहीत येऊ लागले. उरुळीचा गीर कळप काही वर्षांत नावारूपाला आला.

या नोंदींनी मणिभाईंना जे शिकवले ते भाविकाला रुचणारे नव्हते. चारशे किलो वजनाच्या गाईला दिवसाकाठी दहा ते बारा किलो कोरडा चारा लागतो. त्यातला मोठा भाग तिचा देह जगवण्यातच खर्च होतो. त्यावर जे उरेल त्याचेच दूध होते. म्हणजे अर्धपोटी ठेवलेली गाय निम्मे दूध देत नाही. ती जवळजवळ काहीच देत नाही. चार गाई जेमतेम जगवण्याऐवजी त्याच वैरणीवर एक गाय नीट पोसली, तर घराला दूध मिळते आणि माळालाही विसावा मिळतो.

आपल्याकडच्या गवताची प्रकृतीही त्यांना नीट उमगली. थंड प्रदेशातील कुरण मंद वाढते आणि दीर्घकाळ कोवळे राहते. म्हणून न्यूझीलंड किंवा आयर्लंडमध्ये गाय नुसत्या चराईवर भरपूर दूध देऊ शकते. उष्ण कटिबंधातील गवत पावसाबरोबर झपाट्याने वाढते आणि तितक्याच झपाट्याने राठ होते. फुलोऱ्यापूर्वी मारवेल किंवा पवन्यासारख्या चांगल्या गवतात आठ-दहा टक्के प्रथिने असतात; तेच गवत माळावर वाळले की तीन-चार टक्क्यांवर येते. प्रथिने सहा-सात टक्क्यांखाली गेली, की गाईच्या कोठीपोटातील जिवाणू उपाशी पडतात, चारा पचायला वेळ लागतो आणि गाय खाणेच कमी करते. पोट फुगलेले दिसते, पण अंगी काही लागत नाही. उन्हाळ्यात माळावर हिंडणाऱ्या गुरांची हाडे का दिसतात, याचे हे शास्त्रीय कारण आहे.

त्यावरचे उपाय नवे नाहीत. कुरणाचे भाग पाडून एकेका भागात आळीपाळीने चराई करावी आणि चरलेल्या भागाला पावसाळ्यात चार ते सहा आठवडे विश्रांती द्यावी. गवत फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास कापून वाळवून ठेवावे. कडब्याची कुटी करावी म्हणजे नासाडी टळते. गवतात द्विदल चाऱ्याची जोड द्यावी म्हणजे प्रथिनांची तूट भरून निघते. गायरान सर्वांचे असते आणि म्हणून कोणाचेच नसते, ही खरी अडचण होती. एकाने आपली गाय आवरली तरी शेजाऱ्याची दहा जनावरे तेच गवत ओरबाडणार. गावाने एकमताने चराईबंदी पाळल्याखेरीज कुरण सुधारत नाही, हे पुढे राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी करून दाखवले. पण असे एकमत होणारी गावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. मणिभाईंनी म्हणून दुसरा मार्ग पत्करला : कुरण गावाच्या माळावर शोधण्याऐवजी शेतकऱ्याच्या बांधावर आणि गाय त्याच्या दावणीला.

संकराचा निर्णय

साठच्या दशकात मणिभाईंनी आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त निर्णय घेतला. उरुळीच्या गीर कळपाचे यश गावोगावी पोहोचवायचे, तर तेवढ्या उत्तम गीर गाई आणि वळू आणायचे कोठून? निवडीने देशी वंश सुधारणे हे पिढ्यांचे काम होते. गरिबाच्या गोठ्यातली गावठी गाय दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देत होती. तिलाच जर्सी किंवा होल्स्टीन फ्रिजियन वळूच्या गोठवलेल्या रेताने फळवले, तर पहिल्याच पिढीतली कालवड नीट पोसल्यास दिवसाला आठ-दहा लिटरपर्यंत पोहोचू शकत होती. म्हणजे शेतकऱ्याला नवी गाय विकत घ्यावी लागणार नव्हती. ती त्याच्याच गोठ्यात जन्मणार होती.

गोसेवेच्या क्षेत्रातील अनेक गांधीवाद्यांना हे मानवले नाही. गांधीजींच्या प्रेरणेने १९४१ मध्ये वर्ध्याला गोसेवा संघ उभा राहिला होता आणि जमनालाल बजाज यांनी अखेरच्या काळात स्वतःला त्या कामाला वाहून घेतले होते. देशी वंशाचे रक्षण हा त्या परंपरेचा गाभा. विदेशी रक्त आणणे म्हणजे त्या वारशाशी द्रोह, अशी टीका झाली. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसते, मग त्याच्या मानेवर जू टिकायचे कसे, हा शेतकऱ्याचा व्यावहारिक प्रश्नही बिनतोड होता. मणिभाईंची भूमिका वेगळी होती. ज्या गाईचा खर्च तिच्या दुधातून निघत नाही, तिला मालक एक ना एक दिवस सोडून देणारच. ज्या गाईवर घर चालते तिला तो उपाशी ठेवणार नाही. गाईला वाचवायचे तर ती गरिबाला परवडली पाहिजे, असे त्यांना वाटे.

या कामासाठी १९६७ मध्ये त्यांनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन म्हणजेच बाएफ ही संस्था स्थापन केली. आश्रमाचे नैतिक अधिष्ठान आणि उद्योगाची शिस्त यांची सांगड घालणारी ही संस्था होती. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नत्रात साठवलेले रेत घेऊन बाएफचा कार्यकर्ता मोटारसायकलवरून शेतकऱ्याच्या दारात जाऊ लागला. गाय माजावर आली की तिला मैलोगणती चालवत दवाखान्यात नेण्याची गरज उरली नाही. खर्चाचा प्रश्न मणिभाईंनी महाराष्ट्राच्या मातीतूनच सोडवला. सहकारी साखर कारखान्यांकडे पैसा होता, सभासद शेतकरी होते आणि उसाच्या वाढ्याचा चाराही होता. कारखान्यांनी आपापल्या क्षेत्रात पैदास केंद्रांचा भार उचलला आणि काम फोफावले. लाळ्या-खुरकुताने संकरित गाई दगावू नयेत म्हणून पुण्याजवळ वाघोलीला लसनिर्मितीही सुरू झाली.

दुष्काळ आणि सुबाभूळ

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राचा पूर्व भाग होरपळला. माणसे खडी फोडायला रस्त्यांवर आली आणि जनावरे दावणीला तडफडली. दुधाळ गाय तयार करणे एक आणि तिला दुष्काळात जगवणे दुसरे, हे या दुष्काळाने कठोरपणे दाखवून दिले. हत्तीगवत आणि लसूणघास यांना पाणी लागते. कोरडवाहू शेतकऱ्याकडे ते नाही. खोल मुळांचे, कमी पाण्यावर हिरवे राहणारे आणि प्रथिनांनी समृद्ध असे काहीतरी हवे होते.

त्याचे उत्तर मणिभाईंना मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून जगभर पसरलेल्या एका झाडात दिसले. त्याच्या खुज्या जाती भारतात आधीपासून होत्या. हवाई विद्यापीठातील जेम्स ब्रूबेकर यांनी साठच्या दशकात उंच वाढणाऱ्या जाती निवडल्या होत्या. त्यांतील के-८ ही प्रसिद्ध. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बाएफने या जातींचे बियाणे आणून उरुळीला लावले आणि सुबाभूळ हे नाव घरोघरी पोहोचले. बियाण्याचे कवच कठीण, म्हणून ते गरम पाण्यात काही मिनिटे ठेवून पेरायचे. एकदा मूळ धरले की झाड कंबरेच्या उंचीवर छाटत राहायचे. प्रत्येक छाटणीनंतर नवी पालवी फुटते. या पाल्यात वीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. वाळलेल्या कडब्याला त्याची जोड मिळाली की गाईच्या पोटातील जिवाणूंना हवे ते नत्र मिळते आणि राठ चाराही पचू लागतो. शिवाय मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र साठवतात आणि जाड फांद्या चुलीला सरपण होतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये याच झाडाच्या ओळी आणि मधल्या पट्ट्यात गवत अशी कुरणे मांसासाठी पाळलेल्या गुरांकरिता उभी राहिली. उरुळीने तेच झाड लहान शेतकऱ्याच्या बांधावर आणले.

या झाडाला खोडही होती. पाल्यात मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते. घोडा, ससा, डुक्कर यांना तो फार घातला तर केस झडतात, आणि गाईलाही एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक देऊ नये, असा दंडक पडला. ऑस्ट्रेलियातील संशोधक रेमंड जोन्स यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतील शेळ्यांच्या पोटात हे विष पचवणारे जिवाणू असल्याचे दाखवून दिले. ते जिवाणू ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात सोडण्यात आले आणि तेथील अडचण बरीच हलकी झाली.

दुसरा आघात किडीचा होता. सुबाभळीचा रस शोषणारी चिमुकली सिलिड कीड अमेरिकेतून पॅसिफिक बेटांवर, तेथून आग्नेय आशियात आणि १९८८ मध्ये भारतात येऊन धडकली. कोवळे शेंडे करपून गेले. एकाच झाडावर भिस्त ठेवण्याचा धोका त्यातून साऱ्यांना कळला. जेथे नियमित छाटणी झाली नाही, तेथे हे झाड बी उधळून रानोमाळ पसरले आणि त्यावर तणाचा शिक्काही बसला. जे झाड कापत राहिले तरच उपकारक, ते लावून विसरण्याची चूक अनेकांनी केली. काहीही असो, बांधावर चाऱ्याचे झाड लावता येते ही कल्पना मात्र टिकली. शेवरी, हादगा, अंजन गवत, स्टायलो यांची जोड देण्याचा विचार त्याच वाटेने पुढे गेला.

सन्मान आणि जमाखर्च

मणिभाईंना १९६८ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९८२ मध्ये लोकसेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार. त्याच वर्षी दक्षिण गुजरातमधील वांसदा येथे आदिवासी कुटुंबांसाठी बाएफने वाडीचा प्रकल्प सुरू केला. एकरभर डोंगराळ जमिनीत आंबा किंवा काजू, कडेने चारा आणि सरपणाची झाडे आणि मध्ये धान्य, अशी त्याची रचना. गाईपासून निघालेली वाट झाडापर्यंत आणि झाडापासून पाण्यापर्यंत अशी आपोआप पोहोचली. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी मणिभाईंचे निधन झाले. त्यांच्या मागे संस्था उभी राहिली. आज ती दहाहून अधिक राज्यांत काम करते आणि पुण्यात वारजे येथील तिचा परिसर त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मणिभाईंच्या कामाचा जमाखर्च मांडताना दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. जमेच्या बाजूला अल्पभूधारकाच्या घरात दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला येणारा दुधाचा पैसा आहे. पाऊस चुकला तरी हा पैसा पूर्णपणे चुकत नाही, आणि त्याचा मोठा वाटा गोठा सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमातून येतो. खर्चाच्या बाजूला संकरित गाईचे नाजूकपण आहे. तिला उन्हाची झळ सोसत नाही, रोग लवकर जडतात आणि खुराकात खंड पडला की तिचे दूध ओसरते. विदेशी रक्ताचे प्रमाण निम्म्याच्या फार वर जाऊ नये, हा सल्ला जेथे पाळला गेला नाही तेथे हे हाल वाढले. संकराच्या लाटेत देवणी, लाल कंधारी, खिल्लार यांसारख्या महाराष्ट्राच्या वंशांकडे दुर्लक्ष झाले. ट्रॅक्टर आल्यानंतर नांगराला बैल लागेनासे झाले आणि राज्यात २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी लागू झाल्यावर संकरित गोऱ्ह्याचे काय करायचे, हा पेच अधिकच घट्ट झाला. ज्यांच्याकडे बांधच नाही अशा भूमिहीनांना दावणीच्या गाईचा मार्ग कधी पुरता खुला झालाच नाही. त्यांची शेळी आजही गायरानावरच चरते.

गाय दावणीला आली म्हणून गायरानाचा प्रश्न संपला, असेही झाले नाही. कुरणे पडीक म्हणून वाऱ्यावर सोडली गेली, काहींवर अतिक्रमणे झाली आणि बागायती चाऱ्यासाठी विंधनविहिरी अधिक खोल गेल्या. दुष्काळी वर्षात चारा छावण्या उघडाव्या लागतात, यावरून वैरणीचा हिशेब अजून जुळलेला नाही हेच दिसते. मणिभाईंनी माळ सोडून बांध धरला, कारण माळावर एकमत होत नव्हते. बांधावरचे पाणीही जेव्हा आटते, तेव्हा माळाकडे पुन्हा वळावे लागते, आणि तेथे गावाच्या एकमताला पर्याय उरत नाही.

ईटच्या परिसरातील शेतकऱ्यापुढे हा पेच रोजचाच आहे. खव्याची भट्टी सरपण मागते, गाय वैरण मागते आणि दोन्हींचा भार त्याच उघड्या माळावर आणि त्याच थोड्या पाण्यावर पडतो. गाय देशी असावी की संकरित, यावर आजही तावातावाने वाद घातले जातात. मणिभाईंनी आयुष्याच्या मध्यावर संकराची बाजू घेतली खरी, पण उरुळीच्या नोंदवह्यांतून त्यांनी पहिला धडा घेतला होता तो त्याच्या आधीचा. गाय कोणतीही असो, उन्हाळ्यातल्या तिच्या चाऱ्याची तजवीज पावसाळ्यातच झाली पाहिजे, आणि जेवढ्या गाईंची तजवीज होईल तेवढ्याच गोठ्यात असाव्यात. बालाघाटाच्या माळावर हा धडा अजून गिरवायचा राहिला आहे.